ठरावात लिहिलं तरच पैसा हलतो

(महिला ग्रामपंचायत सदस्यांच्या तालुका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव छापलंय, 'ग्रामविकास निधी : धोरण व अंमलबजावणी'. ते वाचून निम्म्याजणी चहाला उठल्या तर मी त्यांना दोष देणार नाही. पैशाचं बोलणं पुरुषांचं, कागदाचं बोलणं ग्रामसेवकाचं, आणि बायकांनी बोलायचं ते दारूवर नि बचत गटावर, अशी वाटणी आपल्याकडे कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. पण झालेली आहे. आज मला पैशाबद्दलच बोलायचं आहे. गावात सरकारी पैसा येतो कुठून, कोणत्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर बायकांची मागणी नेमकी कुठे गळते, एवढंच.

आधी येण्याची वाट पाहू. १९५८ सालचा ग्रामपंचायत कायदा आपल्याकडे आहे. पण कितीतरी वर्षं पंचायतीच्या हातात घरपट्टी, पाणीपट्टी आणि थोडंफार अनुदान यापलीकडे फारसं काही नसायचं. योजना वर ठरायची, कामाचं नाव वरून यायचं आणि गावाने जागा दाखवायची. १९९३ च्या एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने पंचायतींना घटनेत जागा दिली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिले. पिण्याचं पाणी, आरोग्य, स्वच्छता, प्राथमिक शिक्षण, महिला व बालविकास, सगळे त्यात आहेत. एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. आपण बऱ्याचजणी त्या दारातून आत आलो.

पैशाच्या बाबतीत मोठा बदल झाला तो २०१५ साली. चौदाव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून थोडे जास्त रुपये दिले, आणि ते थेट ग्रामपंचायतीला दिले. मध्ये पंचायत समिती नाही, जिल्हा परिषद नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला. गावाने स्वतःचा आराखडा स्वतः करायचा, तो ग्रामसभेने मंजूर करायचा आणि त्याप्रमाणे खर्च करायचा. महिला व बालकल्याणासाठी किमान १० टक्के राखून ठेवायचे, शिक्षण, आरोग्य आणि उपजीविकेसाठी वेगळा भाग ठेवायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

पुढे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी दिले. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. या पैशाचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचे. समजा एखाद्या पंचायतीला वर्षाला २० लाख मिळाले, तर १२ लाख पाणी आणि स्वच्छतेचे झाले. आता मला सांगा, गावात पाणी कोण भरतं? उजाडायच्या आत डबा घेऊन कोण जातं? म्हणजे हे १२ लाख बायकांच्या रोजच्या कष्टांसाठीच होते. फक्त त्यावर 'महिला' असा शिक्का नव्हता, म्हणून आपण त्यांच्याकडे आपला पैसा म्हणून पाहिलं नाही. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. आयोग बदलले, टक्के बदलले, तरी मी पुढे जे सांगणार आहे ते बदलत नाही.

शिवाय पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं. त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. हे कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. आठ लाख वसुली असेल तर ८० हजार बायका-मुलांचे. खर्च झाले नाहीत तर का झाले नाहीत, हे विचारायचा अधिकार गावातल्या प्रत्येक बाईला आहे. ती सदस्य असो वा नसो.

मग हा पैसा जातो कुठे? मी गेली वीस-बावीस वर्षं गावोगावच्या बायकांच्या गटांबरोबर काम करते. गावांचे हिशेब वाचायची मला सवय लागली आहे. 'महिला व बालकल्याण' या सदरात मी काय काय वाचलंय सांगू? ग्रामपंचायतीसमोर पेव्हर ब्लॉक. चौकात हायमास्ट दिवा. हळदीकुंकवाचा मंडप. आणि शिवणकामाचं प्रशिक्षण. एका गावात तीन वर्षं ओळीने शिवणकामाचं प्रशिक्षण झालेलं होतं. गावात मशीन होत्या चार. मी विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, बायकांसाठीच केलंय ना!" पेव्हर ब्लॉकवरून बायकाही चालतात, हे खरंच आहे. पण त्या हिशेबाने गावातलं सगळंच बायकांसाठी म्हणता येईल, आणि मग १० टक्के वेगळे काढायचं कारणच उरत नाही.

यात प्रत्येक वेळी चोरीच असते असं मी म्हणत नाही. चोरी असते तिथे असते. पण पुष्कळदा कारण साधं असतं. बायकांनी काय मागितलं ते कागदावर कुठेच नसतं. आणि सरकारी पैशाला कान नसतात, त्याला फक्त कागद वाचता येतो.

आता मागणी कोणत्या पायऱ्यांनी चढते ते पाहू. पहिली पायरी महिला ग्रामसभा. दुसरी, ग्रामसभेचा ठराव. तिसरी, वार्षिक आराखडा. चौथी, अंदाजपत्रक आणि मान्यता. पाचवी, प्रत्यक्ष काम, त्याचं मोजमाप आणि बिल. प्रत्येक पायरीवर गळती आहे.

महिला ग्रामसभा घ्यायची हे २००३ पासून आपल्या कायद्यात आहे. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला हवी, आणि तिथे जे ठरेल ते ग्रामसभेपुढे यायला हवं. प्रत्यक्षात ती कशी होते? सकाळी अकराची वेळ देतात. अकरा वाजता मजुरीवर गेलेली बाई वावरात वाकलेली असते. ती आली तर तिचा दिवस बुडतो. मग सभेला येतात त्या अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा, कारण त्यांना निरोप असतो. बाकीच्यांच्या सह्या नंतर रेशनच्या रांगेत घेतात. अंगठा उठला की सभा झाली! नेहमीच्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे वीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. त्या वीसांत बायका किती असतात, ते तुम्ही मला सांगा.

दुसरी पायरी ठरावाची. मला सर्वांत महत्त्वाची हीच वाटते, म्हणून इथे जरा थांबते. आमच्या भागातल्या एका गावात बायकांची सभा खरोखरच झाली होती. साठ-सत्तर बायका तीन तास बोलल्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा हातपंप फेब्रुवारीतच आटतो. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. अंगणवाडीचं छप्पर गळतं. सगळं बोलणं झालं. महिन्याने आम्ही इतिवृत्ताची नक्कल मागितली. त्यात एकच ओळ होती. "महिलांच्या विविध अडचणींवर चर्चा करण्यात आली व त्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." अडचणींना मंजुरी! बायका वाचून हसल्या, आणि मग गप्प झाल्या. कारण त्या ओळीतून एक रुपयाही निघू शकत नाही. तिथे कामाचं नाव नाही, जागा नाही, रक्कम नाही. त्या वर्षीच्या आराखड्यात त्यांचं काहीच आलं नाही, आणि नियमाप्रमाणे कुणाचं काही चुकलंही नाही.

पुढच्या वर्षी त्या बायकांनी ठराव स्वतः लिहून नेला. भाषा कोरडी होती, आणि तशीच हवी होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर इतकी घरं, इतकी माणसं. हातपंप अमुक महिन्यापासून बंद असतो. मुख्य टाकीपासून वस्तीपर्यंत इतके मीटर पाइपलाइन टाकून दोन सार्वजनिक नळ बसवावेत. खर्च बंधित निधीतून करावा. बाजाराच्या जागेत बायकांसाठी दोन खणांचं स्वच्छतागृह, पाण्याच्या जोडणीसह. जागा ग्रामपंचायतीची, तिचा गट नंबर अमुक. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं लिहिलं. सभा संपायच्या आत इतिवृत्तात ठराव उतरवून, मोठ्याने वाचून घेतला आणि मगच सह्या केल्या. मीटर मोजले होते दहावीच्या दोन मुलींनी, दोरीने.

त्यातलं काय झालं? पाइपलाइन झाली. स्वच्छतागृह बांधून झालं, पण पाण्याची जोडणी 'पुढच्या टप्प्यात' गेली आणि दाराला कुलूप लागलं. पुढच्या आराखड्यात बायकांनी जोडणीचा आणि साफसफाईच्या मानधनाचा वेगळा ठराव दिला. तेव्हा ते उघडलं. दोन आराखडे गेले, पण उघडलं. मी हे विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाही. दोन खणांच्या स्वच्छतागृहासाठी दोन वर्षं लागणं ही काही मिरवायची बाब नव्हे. पण ज्या वर्षी नुसतं बोललं गेलं आणि ज्या वर्षी लिहिलं गेलं, त्या दोन वर्षांतला फरक तुमच्या ध्यानात यावा.

तिसरी पायरी आराखड्याची. २०१८ पासून दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढल्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम सुरू होते. म्हणजे मार्चमध्ये जाऊन "आमचं काम घ्या" म्हणण्यात अर्थ नसतो, ताट तोवर वाढून झालेलं असतं. तुमच्यापैकी पुष्कळजणी 'उमेद'च्या ग्रामसंघात आहेत. ग्रामसंघाने आपल्या मागण्यांचा आराखडा करून तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायचा असतो. तो नुसता देऊन येऊ नका. पोच घ्या आणि आपल्या मागणीला आराखड्यात कोणता क्रमांक मिळाला ते विचारा. क्रमांक नाही म्हणजे काम नाही.

चौथी पायरी मान्यतेची. शाखा अभियंता जागा पाहून खर्चाचं अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता. इथे रस्ता आणि गटार पुढे सरकतं, कारण त्याचं तयार अंदाजपत्रक फायलीत असतं. ठेकेदारालाही तेच परवडतं. वस्तीवरच्या पाण्याचं काम लहान आणि कटकटीचं. ते "बसत नाही" म्हणून बाजूला पडतं. "बसत नाही" हा शब्द ऐकला की विचारायचं, कोणत्या नियमात? लेखी द्या.

पाचवी पायरी कामाची. मोजमाप पुस्तिकेत जे लिहिलं जातं त्यावर बिल निघतं. मोजमाप होताना तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता सरपंच बायकांशी थोडं बोलते. पैसे काढताना सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांच्या डिजिटल सह्या लागतात. तुमची सही ज्या पेन-ड्राइव्हसारख्या वस्तूत आहे ती कुठे आहे? घरी कपाटात? नवऱ्याच्या खिशात? संगणकावर बसणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये? हसू नका. पूर्वी बाईला कोऱ्या चेकवर सही करायला लावायचे, आता तेवढीही तसदी लागत नाही. पण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि वसुली लागली, की नोटीस बाईच्या नावाने येते. ज्याने सही वापरली त्याचं नाव कागदावर कुठेच नसतं. पद आपलं, खुर्ची दुसऱ्याची आणि वसुली पुन्हा आपली. हा व्यवहार कुठल्याही बाजारात तोट्याचाच म्हणतील.

कुणी विचारेल, बायका सत्तेवर आल्याने खरंच काही बदलतं का? बदलतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोघांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखपद बायकांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं, आणि बायकांच्या तक्रारीही पाण्याच्याच जास्त होत्या. आपल्याकडे तर आरक्षण येण्याच्याही आधी, १९९० च्या आसपास, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला पूर्ण बायकांच्या पंचायती निवडून आल्या होत्या. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केलं. आपल्या मागे एवढी वाट चालून झालेली आहे. तेव्हा "बायकांना काय कळतं" हे कुणी म्हटलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. नमुना ५ मागा.

नमुना ५ म्हणजे रोकड वही. पंचायतीचं सगळं दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये असतं. तेहतीस पाठ करायची गरज नाही. नमुना १ म्हणजे वर्षाचं अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोख जमाखर्च. एकात काय ठरलं ते कळतं, दुसऱ्यात काय झालं ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की गाव कळतं. सदस्य म्हणून तुम्ही ते पाहू शकताच. सदस्य नसलेली बाई २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागू शकते. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही पाहता येतो. घरात मोबाईल वापरणारी मुलगी असेल तर तिला सांगा. तिला दहा मिनिटं लागतील.

एक गोष्ट मात्र आपल्या आपल्यातली. 'बायका' म्हणताना आपण कोणत्या बायका धरतो? गावठाणातल्या बायकांचा ठराव झाला म्हणजे पारध्यांच्या पालावरच्या बाईचा झाला असं होत नाही. दलित वस्तीत सभा घेतली तर गावठाणातल्या किती जणी तिथे जाऊन बसतात? विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांची नावं कुठल्या यादीत आहेत? पुरुष आपल्याला जसं 'विविध अडचणी' या दोन शब्दांत गुंडाळतात, तसंच आपणही आपल्यातल्या काहींना गुंडाळतो. महिला ग्रामसभेची जागा दर वेळी बदला. एकदा वस्तीवर, एकदा पालावर, एकदा गावठाणात. वेळ संध्याकाळची मागा, मजुरीवरून आल्यानंतरची. हेसुद्धा ठरावातच लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा भांडायला नको.

भाषणात मी धोरणावर फार बोलले नाही, असं कुणाला वाटेल. धोरणं पुष्कळ चांगली लिहिलेली असतात. १० टक्क्यांचा नियम चांगला आहे, बंधित निधीचा विचार चांगला होता, महिला ग्रामसभेचं कलम तर आपल्या चळवळीने मागावं असंच आहे. महाराष्ट्रातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत हे सगळं एकसारखं लागू आहे, आणि तरी शेजारच्या दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पैसा दोन्हीकडे माणशी साधारण सारखाच आलेला असतो. एका गावात कुणीतरी इतिवृत्त वाचून मग सही करतं आणि दुसऱ्या गावात नुसती सही करतं.

तेव्हा गावी गेल्यावर पहिलं काम हे. मागच्या महिला ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागायची. त्यात आपण बोललेलं आहे का पाहायचं. नसेल तर पुढच्या सभेला ठराव लिहून न्यायचा. त्यात काय, कुठे, किती आणि कोणत्या निधीतून हे असलंच पाहिजे. एकट्या सदस्य बाईला हे जड जातं, म्हणून दहाजणींनी मिळून जायचं. बाई एकटी वाचायला लागली की तिला आगाऊ म्हणतात. दहाजणी वाचायला लागल्या की त्यांना खुर्च्या देतात.

आता जेवणाची सुट्टी आहे. दुपारी तीन वाजता आपण गटागटाने नमुना १ वाचायला बसणार आहोत. ज्यांनी आपल्या पंचायतीची नक्कल आणली आहे त्यांनी ती जवळ ठेवा. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी, ती का मिळाली नाही, कोण काय म्हणालं, हे लिहून आणा. त्यावरही आपल्याला बोलायचं आहे.